पहाडगंज कुठे संपते, हे फोनला कसे कळते?

प्रश्न : आम्ही पहाडगंजात राहतो. नवी दिल्ली स्थानकाचा एक नंबर प्लॅटफॉर्म आमच्याच बाजूला आहे, मध्ये फक्त रस्ता. रेल्वेच्या अ‍ॅपवर जनरल तिकीट स्थानकाबाहेर उभे राहिले तर निघते, आत निघत नाही, असे मुलगा सांगतो. एवढ्याशा अंतरातला फरक फोनला कळतो कसा? आणि तो बरोबर कळतो की नाही, हे अ‍ॅप करणारे ऑफिसात बसून तपासतात का?
— एक वाचक, पहाडगंज, नवी दिल्ली

उत्तर : ऑफिसात बसून निम्मे काम होते. उरलेल्या निम्म्यासाठी तुमच्याच गल्लीत यावे लागते.

आधी हा नियम का आला ते पाहू. रेल्वेचे ‘यूटीएस’ अ‍ॅप डिसेंबर २०१४ मध्ये मुंबईच्या लोकलसाठी सुरू झाले. तेव्हा पैसे फोनवर भरले तरी तिकीट स्थानकावरच्या यंत्रातून छापून घ्यावे लागे. जुलै २०१५ मध्ये सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना पश्चिम रेल्वेवर कागदाविना तिकीट आले आणि त्याच वर्षी ते नवी दिल्ली–पलवल मार्गावरही पोहोचले. कागद गेला तशी नवी अडचण उभी राहिली : टीसी समोर दिसल्यावर कोणी खिशातून फोन काढून तिकीट घेतले तर? म्हणून स्थानक आणि रुळांभोवती नकाशावर एक अदृश्य कुंपण आखले गेले. कुंपणाच्या आत असाल तर नेहमीच्या पद्धतीने मोबाइल तिकीट मिळत नाही.

आता फोनचे पाहू. नकाशावर आपल्याला निळा ठिपका दिसतो, पण फोनच्या हिशेबी आपण एका वर्तुळात कुठेतरी असतो. अँड्रॉइड फोन जागेबरोबर या वर्तुळाची त्रिज्याही सांगतो, आणि आपण खरोखर त्या वर्तुळात असण्याची शक्यता साधारण ६८ टक्के धरलेली असते. मोकळ्या आकाशाखाली फोनचा अंदाज साधारण पाच मीटरपर्यंत चुकतो. मेन बाजारच्या गल्ल्यांत मात्र दोन्ही बाजूंना उंच हॉटेले आहेत. उपग्रहाचा संदेश भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतो आणि वर्तुळ फुगते. ते चाळीस मीटरचे झाले, की रस्त्याची अलीकडची कड आणि पलीकडचे स्थानक दोन्ही त्यात येतात. अशा वेळी शंकेचा फायदा प्रवाशाला द्यायचा की रेल्वेला, हे उपग्रह ठरवत नाही. ते माणसांना ठरवावे लागते.

तपासणीचे खरे काम इथे सुरू होते. फोनच्या डेव्हलपर सेटिंगमध्ये खोटी जागा देण्याची सोय असते. टेस्टर आपल्या टेबलावरूनच फोनला ‘तू कुंपणाच्या एक मीटर आत आहेस’ असे सांगतो, मग बरोबर रेषेवर, मग एक मीटर बाहेर. चुका बहुधा सीमेवरच दडलेल्या असतात, म्हणून तिथे अशी बारीक पावले टाकायची. मग जागेची परवानगी नाकारून बघायची. अँड्रॉइड १२ पासून फक्त ‘अंदाजे जागा’ देता येते. तो अंदाज सुमारे तीन चौरस किलोमीटरचा असतो, म्हणजे एवढ्या जागेत पहाडगंजही आले आणि स्थानकही. तेव्हा अ‍ॅपने गप्प बंद पडायचे की ‘अचूक जागेची परवानगी द्या’ असे नीट सांगायचे? हे सगळे प्रयोग प्रत्येक नव्या आवृत्तीवर पुन्हा करावे लागतात, कारण एक बग दुरुस्त करताना जुने चालते काम मोडू शकते.

फोनही शेकडो तऱ्हांचे. ते सगळे विकत कोण घेणार? २०११ मध्ये मुंबईत सुरू झालेली ‘ब्राउझरस्टॅक’ ही कंपनी खरेखुरे फोन इंटरनेटवरून वापरायला देते. पुण्यात बसून दूरच्या रॅकवरच्या फोनवर आपले अ‍ॅप चालवून पाहता येते. पण त्या फोनला मेन बाजारची गर्दी, रडतखडत चालणारे नेटवर्क आणि दहा टक्के उरलेली बॅटरी ठाऊक नसते. त्यासाठी टेस्टरने दोन-तीन जुने, स्वस्त फोन घेऊन आर. के. आश्रम मेट्रोपासून स्थानकाच्या दारापर्यंत चालायचे आणि ठिकठिकाणी थांबून लिहायचे : मी कुठे उभा आहे, फोन काय म्हणतो, अ‍ॅप काय म्हणते. एवढे करूनही नवी आवृत्ती आधी थोड्याच लोकांना देतात आणि तक्रारी आल्या नाहीत तरच सर्वांसाठी खुली करतात.

तुमच्यासाठी व्यवहाराचे : घरातून निघतानाच तिकीट काढा. आत शिरल्यावर आठवले, तर स्थानकात लावलेला क्यूआर कोड स्कॅन करून काढता येते. सीमेचा प्रश्न यंत्राला सुटेना, तिथे हा साधा उपाय कामी आला.

आणि एक विनंती. कोणतेही अ‍ॅप अडले तर ‘चालत नाही’ एवढेच लिहून एक तारा देऊ नका. फोनचे मॉडेल, अ‍ॅपची आवृत्ती, नेमकी जागा, वेळ आणि शेवटी कोणते बटण दाबले, एवढे कळवा. या पाच गोष्टी हाती असल्या की टेस्टर तीच चूक पुन्हा घडवून पाहू शकतो, आणि जी चूक पुन्हा घडवता येते तीच दुरुस्त होते.