साथीचा सूर

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. तिच्या दक्षिणेस बीड आणि उत्तरेस जालना. या दोन्ही तीरांवरील गावांत हरिनाम सप्ताह बसला, की रात्री देवळाच्या सभामंडपात कीर्तन उभे राहते. मध्यभागी कीर्तनकार, मागे टाळकऱ्यांची रांग, एका बाजूस मृदंग आणि दुसऱ्या बाजूस पेटी. बुवांनी अभंगाचे चरण उचलले, की पेटीचा सूर त्यांच्या सुराला जाऊन मिळतो. कीर्तन संपले म्हणजे श्रोते बुवांच्या पाया पडतात आणि मृदंगवादकाच्या हाताचे कौतुक करतात. पेटीवाला मात्र भाता मिटवतो, वाद्यावर कापड पसरतो आणि मुकाट्याने उठतो. त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. या पाठात अशाच एका पेटीवादकाची ओळख करून घ्यायची आहे. पण त्यांच्या कार्याचे मोल कळण्यासाठी आधी त्यांच्या वाद्याची हकीकत जाणून घेतली पाहिजे.

पेटी हे मूळचे आपल्या देशातले वाद्य नव्हे. युरोपात पियानो या वाद्याला मोठा मान आहे. पियानोवादक रंगमंचाच्या मध्यभागी बसतो आणि हजारो श्रोते केवळ त्याचे वादन ऐकण्यासाठी येतात. पियानोची पट्टी दाबली, की आतील लहानसा हातोडा तारेवर आघात करतो. तो नाद क्षणात उमटतो आणि हळूहळू विरून जातो. त्याच काळ्यापांढऱ्या पट्ट्या घेऊन, पण तारांऐवजी पितळेच्या पातळ जिभा बसवून केलेले हार्मोनियम हे वाद्य फ्रान्समध्ये निर्माण झाले. अलेक्झांद्र दबँ या कारागिराने १८४२ साली त्याचे पेटंट घेतले. या वाद्यात भात्याने वारा भरला जातो. तो वारा जिभेवरून गेला, की ती थरथरते आणि सूर निघतो. वारा मिळत राहील तोवर सूर टिकतो. लांब, अखंड सुरावर प्रेम करणाऱ्या आपल्या लोकांना हे वाद्य जवळचे वाटले, यात नवल नाही.

आरंभी हे वाद्य पायाने भाता चालवून, खुर्चीवर बसून वाजवीत. आपले गायक तर जमिनीवर बैठक घालून गाणारे. म्हणून १८७५ च्या सुमारास कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी भाता वाद्याच्या मागच्या बाजूस आणून तो हाताने चालवण्याची सोय केली. एका हाताने वारा भरायचा आणि दुसऱ्या हाताने पट्ट्यांवर बोटे फिरवायची, अशी ही आपली पेटी झाली. महाराष्ट्रात नाटकमंडळ्यांनी तिला आश्रय दिला. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे (१८८१-१९५५) यांनी तर आपल्या वादनाने पेटीला मैफलीत प्रतिष्ठा मिळवून दिली. १९११ साली रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमान’ नाटकाच्या पदांना चाली देणारे टेंबे ते हेच. पुढे पेटीला ‘संवादिनी’ असे सुंदर मराठी नावही मिळाले.

परंतु या वाद्यावर मोठा आक्षेप होता, आणि तो खोटा नव्हता. आपला गायक एका सुरावरून दुसऱ्या सुरावर जाताना मधली सारी वाट हळुवारपणे चालत जातो. यालाच मींड म्हणतात. पेटीला हे साधत नाही. घाटाची उतरण आणि जिन्याच्या पायऱ्या यांत जो भेद आहे, तोच गळा आणि पेटी यांत आहे. पेटीचा प्रत्येक सूर म्हणजे एक पायरी. दोन पायऱ्यांच्या मध्ये पाय ठेवायला जागा नाही. शिवाय पेटीचे सूर कारखान्यातच कायमचे ठरून येतात. एकच कोमल ऋषभ एका रागात किंचित खाली, तर दुसऱ्या रागात किंचित वर लावला जातो. हा सूक्ष्म भेद पेटीला दाखवता येत नाही.

हे दोष ध्यानी घेऊन अनेक विद्वानांनी पेटीविरुद्ध मत दिले. रवींद्रनाथ ठाकुरांनी जानेवारी १९४० मध्ये कोलकाता नभोवाणी केंद्रास पत्र लिहून पेटी बंद करण्याची विनंती केली. त्याच वर्षी मार्च महिन्यापासून ऑल इंडिया रेडिओने आपल्या सर्व केंद्रांवर पेटीवादनास बंदी केली. ही बंदी थोडीथोडकी नव्हे, तर १९७१ पर्यंत, म्हणजे सुमारे एकतीस वर्षे चालली. देश स्वतंत्र झाला, राज्ये बदलली. पेटीला मात्र नभोवाणीचे दार बंदच राहिले. त्या काळी गावोगाव संगीत पोहोचवणारे सर्वांत मोठे साधन नभोवाणी हेच होते. कलावंताला तेथे मिळणारी मान्यता म्हणजे कीर्ती आणि उपजीविका या दोहोंचा आधार. तो आधार पेटीवादकांना मुळीच नव्हता.

ज्यांचे तारुण्य या बंदीच्या काळात गेले, अशा वादकांपैकी एक म्हणजे मराठवाड्याचे आप्पा जळगावकर. त्यांचे पूर्ण नाव सखाराम प्रभाकर जळगावकर. त्यांचा जन्म १९२२ साली झाला. त्यांच्या आडनावावरून ते खानदेशातील जळगावचे असावेत, असे कोणालाही वाटेल. परंतु हे जळगाव म्हणजे जालन्याजवळचे एक खेडे होय. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. अशा प्रदेशातून आलेल्या या मुलाने आरंभी गायनाचे शिक्षण घेतले आणि नंतर पेटी हेच आपले जीवितकार्य मानले. पेटीवर बंदी आली तेव्हा त्यांचे वय अठराच्या आसपास होते. ती उठली तेव्हा ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. माणसाच्या आयुष्यातील उमेदीची वर्षे ती हीच! ज्या वाद्याला थोरामोठ्यांनी उणे ठरवले, तेच हाती धरून बसणे किती कठीण असेल, याची कल्पना करावी. तरीही त्यांनी पेटी सोडली नाही.

नभोवाणीचे दार बंद असले, तरी मैफलीचे दार उघडे होते. पुढे आप्पा पुण्यास स्थायिक झाले. भीमसेन जोशी, वसंतराव देशपांडे, जसराज अशा नामवंत गायकांना त्यांनी साथ केली. महाराष्ट्रातील बैठकींत आप्पांची पेटी ही रसिकांच्या परिचयाची होऊन गेली.

साथ करणे म्हणजे गायकाच्या पाठोपाठ तेच सूर वाजवणे, असे वरवर पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः ही कला फार अवघड आहे. गायक पुढे काय गाणार, हे गाण्यापूर्वी कोणासही ठाऊक नसते. कित्येकदा ते गायकालाही ठाऊक नसते. तो तान घेतो, तेव्हा वादकाची बोटे त्याच क्षणी तिच्यामागून धावली पाहिजेत. गायक श्वास घेण्यास थांबला, तर मधली जागा सुराने भरून काढली पाहिजे. पण ती अशी, की गायकाने बांधलेले वातावरण ढळू नये. गायकाहून अधिक वाजवले तर तो उद्धटपणा होतो आणि कमी वाजवले तर मैफल ओकी पडते. तबलजी एकटा वाजवू लागला, की पेटीवाल्याने तालाचे एकच आवर्तन पुनःपुन्हा वाजवीत राहायचे. त्याला लेहरा म्हणतात. अर्धा अर्धा तास तेच सूर वाजवायचे, आणि लय मात्र केसभरही हलू द्यायची नाही!

मींड न निघण्याच्या दोषावर उत्तम साथीदाराने शोधलेला उपायही विचार करण्यासारखा आहे. पट्टीवर बोट जोराने न आपटता ते हलकेच टेकवायचे, भात्याचा वारा कमीअधिक करून सुराला गोलाई आणायची, आणि ज्या सूक्ष्म जागी पट्टीला पोहोचताच येत नाही, तेथे हात आवरून गळ्याला एकट्याला जाऊ द्यायचे. कोठे वाजवू नये, हे ज्याला कळले त्यालाच साथ कळली. वाद्याची मर्यादा प्रामाणिकपणे मान्य करून तिच्या आत राहून सौंदर्य निर्माण करणे, हाच या कलेचा गाभा होय. टीकाकारांना पेटीवादकांनी दिलेले खरे उत्तर वादविवादाचे नव्हते. ते असे बोटांचे उत्तर होते.

हीच विद्या शिष्यांना देणे हे काम वाजवण्याहूनही बिकट. पियानोच्या विद्यार्थ्यासमोर स्वरांची लिहिलेली वही असते. ती पाहून तो रोज सराव करू शकतो. पेटीच्या विद्यार्थ्यालाही अलंकार, पलटे आणि बोटांची वळणे शिकवता येतात. पण साथ कोणत्याही वहीत लिहिलेली नसते. ती कानांनी शिकावी लागते. म्हणून चांगला गुरू शिष्याला प्रथम ऐकायला शिकवतो. दुसऱ्याचे मन लावून ऐकणे ही साथीची पहिली पायरी आहे, आणि शेवटचीही तीच आहे. आप्पांनीही शिष्य तयार केले आणि आपल्या हातातील विद्या पुढील पिढीच्या हाती दिली.

१९७१ साली नभोवाणीने साथीपुरती बंदी उठवली; एकल वादनाची मनाई मात्र त्यानंतरही दीर्घकाळ राहिली. येथे एक गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या काळात पेटीला नभोवाणीवर मज्जाव होता, त्या काळातही महाराष्ट्रातील गायक आपल्या आवाजाची पट्टी सांगताना ‘पांढरी चार’, ‘काळी एक’ असेच म्हणत. तंबोरा जुळवायचा, तोही पेटीच्या पट्टीच्या नावाने! वाद्याला दारातून बाहेर घालवले, तरी त्याचे नाव लोकांच्या जिभेवरून गेले नाही.

सन २००० मध्ये संगीत नाटक अकादमीने आप्पा जळगावकरांना पुरस्कार देऊन त्यांचा गौरव केला. ज्या वाद्याला एकेकाळी सरकारी नभोवाणीने बाहेर ठेवले होते, त्याच्याच वादकाला देशाच्या संगीतसंस्थेने हा मान दिला. त्या वेळी आप्पांचे वय अठ्ठ्याहत्तर होते. १६ सप्टेंबर २००९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

जगात मध्यभागी बसणाऱ्यांची संख्या नेहमीच थोडी असते. बाजूस बसून दुसऱ्याचे काम उजळ करणारे पुष्कळ असतात. आणि त्यांच्यावाचून मध्यभागी बसणाऱ्याचे काम पुरे होत नाही. पुढच्या सप्ताहात कीर्तन ऐकताना डोळे मिटून क्षणभर केवळ पेटीकडे कान द्यावेत. बुवांचा सूर उंच जाताना त्याला खालून हलकेच आधार देणारा दुसरा एक सूर ऐकू येईल. कीर्तन संपल्यावर त्या पेटीवाल्यालाही नमस्कार करण्यास विसरू नये.

स्वाध्याय

१. पियानो आणि पेटी यांतून सूर कसा निघतो, त्यातील फरक सांगा.
२. पेटीवर कोणते दोन आक्षेप घेतले जात? ते समजावण्यासाठी पाठात कोणता दृष्टान्त दिला आहे?
३. ‘कोठे वाजवू नये, हे ज्याला कळले त्यालाच साथ कळली.’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
४. नभोवाणीवरील बंदीचा पेटीवादकांच्या जीवनावर काय परिणाम झाला असेल?
५. तुमच्या गावातील पेटीवादकाची भेट घ्या. त्यांनी पेटी कशी शिकली, ते विचारून दहा ओळी लिहा.