उंदीर, शेड आणि पहिले शील



गेल्या महिन्यात वंदनेनंतर चहा घेताना एका ताईंनी विचारले, "मागच्या शेडमध्ये उंदीर झालेत. मारले तर पहिले शील मोडते का?" इंग्लंडमध्ये आपली काही कुटुंबे आता शहराबाहेर, शेताला लागून राहतात. त्यामुळे हा प्रश्न एकट्या ताईंचा नाही.

आधी माझी चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी शेडमध्ये उंदीर दिसताच मी विषाच्या वड्या टाकल्या. उंदीर फळ्यांखाली मेले, पंधरा दिवस वास गेला नाही. महिनाभरात नवे उंदीर हजर! कोंबड्यांच्या दाण्याचे पोते मी उघडेच ठेवले होते. ऑफिसात बिघाडाचे मूळ कारण शोधणारा मी, घरी मात्र नुसते लक्षण पुसत बसलो.

धम्म काय सांगतो?

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेचा विचार करताना तत्त्व आणि नियम यांत फरक केला आहे. मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी. नियम डोळे मिटून पाळता येतो. तत्त्व मात्र प्रत्येक वेळी विचार करायला लावते. म्हणून स्वतःला विचारायचे: खरोखर गरज आहे का? की आधीचे कष्ट टाळण्यासाठी मी मारतो आहे?

आधी कारण काढा

प्रतीत्यसमुत्पाद इथेही लागू पडतो. कारण नाहीसे झाले की परिणाम थांबतो. उंदरांची कारणे तीन: अन्न, आसरा आणि वाट.

अन्न: कोंबड्यांचे व पक्ष्यांचे दाणे झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. सांडलेले दाणे संध्याकाळी उचला. शिजवलेले अन्न कंपोस्टमध्ये टाकू नका.

आसरा: लाकडे, खोकी जमिनीपासून उंच आणि भिंतीपासून दूर रचा. गावी माझी आई ज्वारीची कणगी दगडांवर ठेवायची, भिंतीला टेकू द्यायची नाही. तेच शास्त्र. भिंतीलगतचे गवतही कापा.

वाट: पेन्सिल शिरेल एवढ्या फटीतून लहान उंदीर आत येतो. फटीत स्टील वूल भरून वरून सिमेंट लावा. मोठ्या भोकांना ६ मिलिमीटरची तारेची जाळी ठोका. कोंबड्यांच्या खुराड्याची मोठ्या भोकांची जाळी त्यांना अडवत नाही. फोम ते कुरतडतात.

उशीर मात्र करू नका. उंदरीण साधारण तीन आठवड्यांत विते. आज दोन उंदरांसाठी केलेले काम पुढे अनेकांना मारण्याची वेळ टाळते.

तरीही राहिले तर?

उंदरांच्या मूत्रातून लेप्टोचा आजार पसरतो. कोकणात पावसाळ्यात त्याची भीती आपण पाहिली आहे. घरात मुले असताना हात बांधून बसणे ही करुणा नव्हे. अशा वेळी झटक्यात जीव जाईल असा चांगला चापाचा सापळा, मुलांचा व इतर प्राण्यांचा हात-पाय पोहोचणार नाही अशा पेटीत, भिंतीला काटकोनात लावा आणि रोज पाहा.

चिकट पुठ्ठे नकोत. त्यांवर जीव तासन्‌तास तडफडतो. इंग्लंडमध्ये ३१ जुलै २०२४ पासून ते सामान्य माणसाने लावणे गुन्हा आहे. रक्त गोठू न देणारे विष उंदराला काही दिवसांनी मारते. तोवर त्याला घुबडाने खाल्ले तर विष घुबडाच्या पोटात जाते. ब्रिटनमध्ये मेलेल्या गव्हाणी घुबडांच्या तपासणीत बहुतेकांच्या शरीरात अशा विषाचा अंश सापडतो. म्हणजे उंदीर खाऊन आपले काम करणाऱ्यालाच आपण इजा करतो.

लेंड्या कोरड्या झाडू नका. हातमोजे घाला, जंतुनाशकाने भिजवा, मग कागदाने उचला.

या आठवड्याचा अभ्यास

रविवारी मुलांना घेऊन, हातात टॉर्च आणि पेन्सिल घेऊन घराभोवती एक फेरी मारा. पेन्सिल शिरेल ती प्रत्येक फट लिहून काढा. पुढच्या वंदनेला यादी घेऊन या, शीलावर तेव्हा पुन्हा बोलू.

जय भीम!