जॉर्ज वॉशिंग्टन : सत्ता आणि समता

दि. २२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्यात वकिलांसमोर केलेल्या भाषणात परमपूज्य बाबासाहेबांनी लोकशाही यशस्वी होण्यास आवश्यक असलेल्या अटी सांगितल्या. त्यांपैकी संविधानिक नीतिमत्ता ही अट समजावताना त्यांनी अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचा दाखला दिला.

वॉशिंग्टन यांचा जन्म २२ फेब्रुवारी १७३२ रोजी व्हर्जिनियात झाला. १७७५ पासून इंग्रजांविरुद्धच्या युद्धात ते सरसेनापती होते. विजयानंतर, डिसेंबर १७८३ मध्ये, त्यांनी ते पद काँग्रेसला परत केले. १७८७ च्या संविधान परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले आणि ३० एप्रिल १७८९ रोजी ते राष्ट्राध्यक्ष झाले. दोन कार्यकाळ संपल्यावरही लोकांना तेच हवे होते. संविधानात त्या वेळी मुदतीची मर्यादा नव्हती. तरीही १७९६ मध्ये त्यांनी नकार दिला. वंशपरंपरागत राजा नको म्हणून संविधान केले असता एकाच व्यक्तीची पूजा का करावी, हा त्या नकाराचा अर्थ बाबासाहेबांनी उलगडून दाखविला. दोन कार्यकाळांची मर्यादा अमेरिकेच्या संविधानात आली ती १९५१ साली.

परंतु व्यक्तिपूजा नाकारणाऱ्याचे चरित्रही आम्ही पूजाभावाने वाचू नये. वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्नन येथील जमिनीवर तीनशेहून अधिक गुलाम राबत होते. त्याच १७९६ साली त्यांच्या घरातील ओना जज ही तरुण दासी पळून गेली. तिला परत आणण्याचे त्यांचे प्रयत्न फसले. आपल्या मालकीच्या गुलामांना पत्नीच्या पश्चात मुक्त करावे, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहिले. १४ डिसेंबर १७९९ रोजी त्यांचे निधन झाले. ओना जज १८४८ साली वारली, तेव्हाही कायद्याने ती फरारी गुलामच होती.

त्याच १८४८ साली जोतीराव फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. त्यापूर्वी त्यांनी आपल्या नगरमधील अमेरिकन मिशनची, मिस फरार यांची, मुलींची शाळा पाहिली होती. अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ साली संपली. ती संपविणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला.

आमचे अनेक माजी विद्यार्थी आज ग्रामपंचायतींत, संस्थांत, संघटनांत पदांवर आहेत. त्यांनी या चरित्रातून दोन प्रश्न स्वतःला विचारावेत : मुदत संपल्यावर मी खुर्ची सोडीन काय? आणि माझ्या स्वातंत्र्यासाठी कोणी दुसरा राबतो आहे काय? बाबासाहेबांचा अनुयायी म्हणविणाऱ्यास यांपैकी एकही प्रश्न टाळता येणार नाही.