रीझन ‘ऑफ’ की रीझन ‘फॉर’?

स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी दिल्लीत आलेली मराठी मुले करोल बागेत नाहीतर जुन्या राजिंदर नगरात राहतात आणि घरच्या चवीची आठवण झाली की कस्तुरबा गांधी मार्गावरचे महाराष्ट्र सदन गाठतात. यातली बरीच मुले मराठी माध्यमातून शिकलेली. विषयाची तयारी चोख, मराठीतली उत्तरे नेटकी. धाकधूक असते ती इंग्रजीच्या सक्तीच्या पेपरची. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत हा पेपर 300 गुणांचा आहे. तो पात्रतेपुरता असला, तरी त्यात 25 टक्के गुण मिळाले नाहीत तर निबंध, सामान्य अध्ययन आणि वैकल्पिक विषय विचारातच घेतले जात नाहीत. पेपरची पातळी दहावीची. तरीही गुण जातात, आणि पुष्कळदा ते एकाच ठिकाणी जातात: नामाच्या पुढे येणाऱ्या इवल्याशा शब्दापाशी.

निबंधात हमखास सापडणारी दोन वाक्ये घ्या. ‘द रीझन ऑफ द इन्क्रीझ ऑफ रेन्ट्स इज द डिमांड ऑफ रूम्स. देअर इज नो सोल्यूशन ऑन दिस प्रॉब्लेम.’ शब्दसंग्रहात काही उणे नाही, काळ बरोबर, कर्ता-क्रियापद बरोबर. चुकले आहेत ते चार सांधे. रीझनला ‘फॉर’ लागतो, इन्क्रीझला ‘इन’, डिमांडला ‘फॉर’ आणि सोल्यूशनला ‘टू’. मराठीत मात्र आपण भाड्याच्या वाढीचे कारण, खोल्यांची मागणी, समस्येवर उपाय असे म्हणतो. पहिले तीन ‘ऑफ’ आपल्या ‘चा-ची-चे’च्या सवयीतून आले आणि शेवटचा ‘ऑन’ सरळ ‘वर’मधून.

म्हणून सुरुवात आपल्याच प्रत्ययापासून करावी. नामाला कोणते प्रेपोझिशन लागते याच्या शेकडो जोड्या वर्णानुक्रमे पाठ करायला सांगणारी पुस्तके मिळतात. पाठांतराला माझा विरोध नाही, पण त्या याद्या डोक्यात टिकत नाहीत, कारण त्यांना धरून ठेवायला काही नसते. मराठी प्रत्ययाप्रमाणे जोड्या वेगळ्या केल्या की निम्मे ओझे उतरते, कारण कितीतरी ठिकाणी आपला प्रत्यय बरोबर वाट दाखवतो.

‘ला’ हा यातला सर्वांत भरवशाचा. प्रस्तावाला विरोध म्हणजे ऑपोझिशन टू, नियमाला अपवाद म्हणजे एक्सेप्शन टू, आवाहनाला प्रतिसाद म्हणजे रिस्पॉन्स टू, पेट्रोलला पर्याय म्हणजे ऑल्टरनेटिव्ह टू, जिवाला धोका म्हणजे थ्रेट टू. ‘ला’ दिसला की ‘टू’ लिहावा; बहुतेक वेळा तो बरोबर निघतो. फसवणारा एक ठळक शब्द लक्षात ठेवा: एखाद्या मागणीला पाठिंबा असेल तर सपोर्ट फॉर.

‘तला’ आणि ‘मधला’ हेही सरळ. किमतीतली वाढ, तापमानातली घट, वागण्यातला बदल, या सगळ्यांना ‘इन’. दोघांमधला फरक आणि दोन देशांमधला करार इथे ‘बिटवीन’. वाढ किती झाली ते सांगायचे असेल तर आकड्याच्या आधी ‘ऑफ’ येतो आणि ज्यात वाढ झाली त्याच्या आधी ‘इन’: ‘अ‍ॅन इन्क्रीझ ऑफ टेन पर्सेंट इन रेन्ट्स’. तेच क्रियापद केले की आकड्याआधी ‘बाय’ येतो: ‘रेन्ट्स इन्क्रीझ्ड बाय टेन पर्सेंट’.

‘वर’ अर्धा भरवशाचा. परिणाम, हल्ला, बंदी, कर, भर हे सगळे मराठीत ‘वर’ घेतात आणि इंग्रजीत निमूटपणे ‘ऑन’ घेतात: इफेक्ट ऑन, अटॅक ऑन, बॅन ऑन, टॅक्स ऑन, एम्फसिस ऑन. तीन ठिकाणी मात्र थांबायचे. विश्वासाचे सगळे कुटुंब ‘इन’ मागते: ट्रस्ट इन, फेथ इन, बिलीफ इन, कॉन्फिडन्स इन. माणसावरचे किंवा मातीवरचे प्रेम म्हणजे लव्ह फॉर. आणि उपायांमध्ये समस्येवरचा उपाय सोल्यूशन टू, तर रोगावरचा उपाय क्युअर फॉर.

खरी मेहनत ‘चा-ची-चे’वर घ्यायची. हा प्रत्यय मराठीत इतकी कामे करतो की त्याला एकच इंग्रजी शब्द पुरत नाही. अर्थ विचारून त्याचे तीन ढीग करावेत. पहिल्यात जे नाम पुढच्या वस्तूचा भाग, गुण, अभाव किंवा उगम सांगते ते: पाण्याची टंचाई, अंधाराची भीती, आगीचे कारण, कायद्याचे ज्ञान. इथे ‘ऑफ’ योग्यच आहे: शॉर्टेज ऑफ, फिअर ऑफ, कॉज ऑफ, नॉलेज ऑफ. दुसऱ्या ढिगात हवेपणा असतो, म्हणजे हाताशी नसलेल्या गोष्टीकडे लागलेले लक्ष: पाण्याची मागणी, सुधारणेची गरज, मदतीची विनंती, नोकरीचा शोध. या सर्वांना ‘फॉर’: डिमांड फॉर, नीड फॉर, रिक्वेस्ट फॉर, सर्च फॉर. तिसऱ्यात नाम कशापर्यंत तरी पोहोचते किंवा कशाला तरी जाऊन भिडते: प्रश्नाचे उत्तर, कुलपाची किल्ली, पिकांचे नुकसान, लग्नाचे आमंत्रण. तिथे ‘टू’: आन्सर टू, की टू, डॅमेज टू, इन्व्हिटेशन टू. गणिताची आवड यांपैकी कशातच बसत नाही. ती इंटरेस्ट इन, आणि वेगळीच पाठ करावी.

कारण या शब्दावर जरा जास्त वेळ द्या. मराठीत एकच कारण दोन्हीकडे चालते, इंग्रजीत कॉज आणि रीझन वेगळे पडतात. कॉजमधून घटना घडते, म्हणून ‘कॉज ऑफ द फायर’. रीझन हे एखाद्या गोष्टीचे दिलेले स्पष्टीकरण असते, म्हणून ‘रीझन फॉर द डिले’. निबंधात हे दोन्ही शब्द सतत लागतात, तेव्हा ही जोडी झोपेतसुद्धा चुकू नये.

एकाच नामाला दोन प्रेपोझिशने चालतात तेव्हा अर्थ बदलतो, आणि त्याचे चांगले उदाहरण महाराष्ट्र सदनाचा रस्ताच आहे. याचे जुने नाव कर्झन रोड. ते जाऊन कस्तुरबा गांधी मार्ग आले. एक गेले, दुसरे आले, म्हणून ‘अ चेंज ऑफ नेम’. तेच रस्त्यावरची वाहतूक वाढली, झाडे कमी झाली, म्हणजे गोष्ट तीच राहून तिच्यात फरक पडला, तर ‘अ चेंज इन द ट्रॅफिक’. सरकार बदलले तर चेंज ऑफ गव्हर्न्मेंट, धोरणात फेरफार झाला तर चेंज इन पॉलिसी. तसेच ऑथॉरिटीचे: शिवकालाचा जाणकार हा त्या विषयाची ऑथॉरिटी ‘ऑन’, आणि हाताखालच्या लोकांवर अधिकार असेल तर ऑथॉरिटी ‘ओव्हर’.

याच रस्त्यावर 17 क्रमांकाला ब्रिटिश कौन्सिलची इमारत आहे. चार्ल्स कोरियांनी तिचा आराखडा केला आणि ती 1992मध्ये खुली झाली. दर्शनी भिंतीवर हॉवर्ड हॉजकिन यांचे काळ्या-पांढऱ्या दगडातले मोठे झाड पसरलेले आहे. तिथून जाताना सरावासाठी तीन वाक्ये मनात करून पाहा. रस्त्यावर असणे ‘ऑन’, पण क्रमांक दिला की ‘अ‍ॅट’: ‘ऑन कस्तुरबा गांधी मार्ग’, ‘अ‍ॅट सेव्हन्टीन, कस्तुरबा गांधी मार्ग’. इमारतीचे प्रवेशद्वार मात्र तिसऱ्या ढिगातले, म्हणून ‘द एन्ट्रन्स टू द बिल्डिंग’.

पुढची पायरी शब्दकोशाची. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत. परक्या विद्यार्थ्याला शब्दाच्या अर्थाइतकीच तो वापरण्याची रीत हवी असते हे ओळखून त्यांनी केलेला कोश 1942मध्ये टोकियोत छापला गेला. पुढे तेच ब्रिटिश कौन्सिलमध्ये रुजू झाले आणि तो कोश ऑक्सफर्डचा विद्यार्थी-कोश म्हणून जगभर गेला. या कोशात नामाच्या नोंदीत नागमोडी खुणेपुढे त्याचे प्रेपोझिशन छापलेले असते. आपण अर्थ पाहतो आणि कोश मिटतो. ती खूण पाहिल्याशिवाय मिटू नका, आणि वहीत सुटे ‘सोल्यूशन’ कधीही लिहू नका. ‘अ सोल्यूशन टू द वॉटर प्रॉब्लेम’ असा आपल्या ओळखीच्या विषयाचा पूर्ण तुकडा लिहा. रोज इंग्रजी अग्रलेखातली अशी पाचच नामे पेन्सिलीने अधोरेखित करावीत. त्याहून जास्त केली की काम कंटाळवाणे होते आणि बंद पडते.

दोन सापळे उरतात. पहिला क्रियापदाचा. डिस्कशनला ‘ऑन’ किंवा ‘अबाउट’ लागतो, पण डिस्कस हे क्रियापद काहीही घेत नाही. आपल्या ‘विषयी चर्चा केली’मुळे ‘डिस्कस्ड अबाउट’ लिहिले जाते. डिमांड, लॅक, आन्सर यांचेही तसेच: नाम असताना पुढे शब्द लागतो, क्रियापद झाले की गळतो. दुसरा सापळा प्रेपोझिशननंतरच्या क्रियेचा. ‘इंटरेस्ट टू लर्न’ नव्हे, ‘इंटरेस्ट इन लर्निंग’. ‘रीझन फॉर लीव्हिंग’, ‘डिफिकल्टी इन फाइंडिंग’. डिसिजन, अटेम्प्ट, प्रॉमिस यांच्यापुढे मात्र ‘टू’ आणि क्रियापदाचे मूळ रूप येते: ‘अ डिसिजन टू लीव्ह’.

परीक्षेत निबंध संपल्यावर शेवटची पाच मिनिटे राखून ठेवा आणि फक्त नामे व त्यांच्या पुढचा शब्द पाहत जा, बाकी काही वाचू नका. प्रत्येक ‘ऑफ’पाशी थांबून तो तीनपैकी कोणत्या ढिगातला आहे ते विचारा. कुठे खात्री होत नसेल तर नाम काढून क्रियापद घाला. ‘देअर इज अ लॅक ऑफ’ की ‘इन’ अशी शंका आली, तर ‘द व्हिलेज लॅक्स वॉटर’ लिहून पुढे जा.