आधी युनिट, मग रुपये

चि. सायलीस,

सोसायटीची खजिनदार झाल्याबरोबर तुझ्यापुढे पाण्याच्या वाढीव बिलाचा प्रश्न आला आणि कमिटीत चर्चा सुरू झाली ती वाटणीची. माझं म्हणणं असं की, बिल वाटण्याआधी ते वाचावं, आणि वाचताना रुपयांआधी युनिट पाहावेत. एक युनिट म्हणजे १,००० लिटर. मुंबईत महापालिका पाच माणसांच्या कुटुंबाला दिवसाला ७५० लिटरपर्यंत मूळ दर लावते. त्यापुढच्या पाण्याला दुप्पट, मग तिप्पट, चौपट. मलनिस्सारणाचा आकारही पाण्याच्या आकारावरच बसतो. समजा, चाळीस घरांच्या सोसायटीचं तीस दिवसांचं बिल १,०५० युनिटचं आलं, तर रोजचे ३५,००० लिटर झाले, म्हणजे घरामागे ८७५. महागडा टप्पा सुरू झाला, हे एवढ्या भागाकारातून कळतं; रकमेकडे कितीही वेळ पाहत बसलं तरी कळत नाही.

सभासद म्हणतील, "बिल नळांच्या संख्येवर वाटलं जातं, मग मी पाणी वाचवून मला काय मिळणार?" शंका रास्त आहे, पण हिशेब वेगळं सांगतो. टप्पा ठरतो तो सगळ्या सोसायटीच्या वापरावर, आणि वाचलेलं पाणी वजा होतं ते सर्वांत महागड्या टप्प्यातून. शिवाय नासाडी बहुधा कुणाच्या अंघोळीत नसते, गळतीत असते. फ्लशमधून सतत झिरपणाऱ्या धारेखाली लिटरची बाटली दहा मिनिटांत भरत असेल, तर दिवसाला १४४ लिटर गेले; शहरात एका माणसासाठी धरलेल्या १३५ लिटरच्या मानकाहून जास्त. तेव्हा पाणी आलेलं असताना खालची टाकी भरल्यावर मीटर पाहा. काटा फिरतच असेल, तर बॉलकॉक नीट बंद होत नाही किंवा मीटर आणि टाकी यांच्यामधली लाइन गळते आहे. रात्री पाणी गेल्यावर, पंप बंद असताना त्या टाकीच्या पातळीची खूण कर. सकाळी पातळी उतरलेली दिसली तर टाकीच झिरपते आहे.

"एवढ्याशा पैशांसाठी इतका खटाटोप कशाला?" असंही कुणी विचारेल. पालिकेचं पाणी स्वस्त आहे, म्हणूनच त्याची खरी किंमत बिलात दिसत नाही. मुंबईच्या पाण्याचा मोठा वाटा शहापूर तालुक्यातल्या भातसा धरणातून येतो, आणि त्याच तालुक्यातली कित्येक गावं आणि पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. आपल्या टाकीवरून वाहून गेलेलं पाणी तिथून आणलेलं असतं, हे सभासदांना स्पष्ट सांगायला संकोचू नकोस. दर महिन्याच्या एक तारखेला मीटरचा आकडा आणि घरामागचा रोजचा वापर लिटरमध्ये फलकावर लिही. वाटणीवरून वाद घालणारे सभासदही मग गळती शोधायला तुझ्याबरोबर येतील.

तुझी,
मावशी