परिचर्येचे न दिसणारे फळ

शस्त्रक्रिया यशस्वी झाली की तिची वार्ता गावभर होते. परंतु अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पाठीला जखम झाली नाही, तान्ह्या मुलाला धनुर्वात झाला नाही, याची वार्ता कोणी करीत नाही. परिचारिकेच्या कार्याचे मोल ठरविताना हीच अडचण येते. कारण तिच्या सेवेचे फळ पुष्कळदा न ओढवलेल्या संकटाच्या रूपाने असते. या सेवेने लोकांचे जीवन खरोखर सुधारते काय, याचा विचार दोन उदाहरणांवरून करता येईल.

पहिले उदाहरण मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील आहे. तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी रुग्णालयातच निर्घृण हल्ला झाला. गळा आवळला गेल्याने मेंदूला प्राणवायू मिळाला नाही व त्या कायमच्या परावलंबी झाल्या. 18 मे 2015 रोजी त्यांचे निधन झाले. मधल्या सुमारे 42 वर्षांत परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. रुग्ण एकाच कुशीवर राहिल्यास हाडांच्या उंचवट्यांवर दाब पडून रक्तपुरवठा खुंटतो व तेथे जखम होते. म्हणून सामान्यतः दर दोन तासांनी कूस पालटणे, अंग कोरडे व स्वच्छ ठेवणे आवश्यक असते. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तीन डॉक्टरांनी 2011 मध्ये त्यांना तपासले, तेव्हा अशी जखम तर नव्हतीच, जुन्या भरलेल्या जखमेची खूणही आढळली नाही.

अशा अवस्थेतील जीवन लांबवावे काय, याविषयी मतभेद होते. अन्न थांबविण्याची लेखिका पिंकी विराणी यांची विनंती न्यायालयाने 7 मार्च 2011 रोजी अमान्य केली व परिचारिकांच्या सेवेची प्रशंसा केली. तो वाद बाजूस ठेवला, तरी रोग बरा करणे अशक्य असतानाही यातना टाळता येतात, हे या सेवेने सिद्ध केले.

दुसरे उदाहरण खेड्यापाड्यांतील आहे. बडोदे जिल्ह्यातील करजणसारख्या सपाट प्रदेशात 5,000 लोकसंख्येमागे, तर डोंगराळ व आदिवासी भागांत 3,000 लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र असावे, असे शासकीय प्रमाण आहे. तेथे काम करणाऱ्या नर्सबाई गरोदर मातांना धनुर्वाताची लस टोचतात आणि नाळ निर्जंतुक साधनाने कापली जावी, याची दक्षता घेतात. पूर्वी अस्वच्छ पात्याने नाळ कापल्यामुळे असंख्य अर्भके दगावत. लसीकरण व सुरक्षित बाळंतपण यांचा प्रसार झाल्यावर, 2015 मध्ये भारतातून माता व नवजात अर्भकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे प्रमाणित झाले. प्रत्येक जिल्ह्यात दर हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण, असा याचा अर्थ होतो. रोगाचे जंतू मातीत कायम असल्याने हे काम मात्र संपलेले नाही.

रुग्णालयातील खाट असो वा खेड्यातील झोपडी, परिचर्येचे सामर्थ्य नित्य व अचूकपणे केलेल्या लहानशा कृतीत आहे. एक पाळी चुकली तर जखम होते. एक लस चुकली तर बालक दगावू शकते. म्हणून गावकऱ्यांनी नर्सबाईंच्या भेटीच्या दिवशी माता-बालकांना अगत्याने उपकेंद्रात आणावे, अधिकाऱ्यांनी त्यांच्या निवासाची, प्रवासाची व साधनांची सोय पाहावी, आणि शिक्षकांनी हा व्यवसाय मुलामुलींपुढे सन्मानाने मांडावा. जे संकट आलेच नाही, त्याचे श्रेय ज्यांचे त्यांना देणे हे समाजाचे कर्तव्य होय.