मृतांच्या नोंदवहीतून घराण्याचा शोध



नोव्हेंबर महिन्यात आपण दफनभूमीत जातो, मेणबत्त्या लावतो आणि मृतांच्या नावांची यादी मिस्सासाठी देतो. ही यादी बहुधा आजी-आजोबांपाशी थांबते. पणजोबांचे नाव विचारले, तर घरातले एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. म्हणून पूर्वजांची नावे कोठे, कशी आणि कशासाठी शोधावीत, याचा या पाठात आपण विचार करू.

पवित्र शास्त्रातील एक नोंद

उत्पत्तीच्या २३ व्या अध्यायात अब्राहाम ४०० शेकेल चांदी मोजून एफ्रोनकडून मखपेलाची जागा विकत घेतो आणि तेथील गुहेत सारेला पुरतो. पुढे ४९ व्या अध्यायात मिसर देशात मरणाच्या दारी असलेला याकोब मुलांना सांगतो, की मलाही तेथेच पुरा. तेथे कोण कोण आहे तेही तो सांगतो : अब्राहाम व सारा, इसहाक व रिबका, आणि लेआ. तीन पिढ्या, पाच नावे, जागेचा पत्ता आणि विकणाऱ्याचे नाव. दफनाच्या नोंदीत याहून वेगळे काय असते?

ख्रिस्तसभेची वही

ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये विवाहाची नोंदवही ठेवण्याचा आदेश दिला. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने मृतांची वही कशी लिहावी हे ठरवून दिले : नाव, वय, आईवडिलांचे किंवा पतिपत्नीचे नाव, शेवटी मिळालेले संस्कार आणि दफनाची जागा. आजच्या धर्मसंहितेतही (१९८३) कलम ५३५ प्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात स्नानसंस्कार, विवाह व मृत्यू यांच्या वह्या असाव्या लागतात आणि जुन्या वह्या काळजीपूर्वक जपाव्या लागतात.

दफनभूमीत जागा अपुरी असली, की काही वर्षांनी त्याच खड्ड्यात दुसऱ्याला जागा दिली जाते. लाकडी क्रूस कुजतो, दगडावरची अक्षरे पुसतात. गरिबाच्या कबरीवर तर दगडही नसतो. वहीत मात्र श्रीमंताला एक ओळ आणि गरिबालाही एकच ओळ.

जुन्या नोंदी पुष्कळदा लॅटिनमध्ये असतात. थोडे शब्द ठाऊक असले तरी काम भागते. ‘ओबीइत’ म्हणजे मरण पावला, ‘सेपुल्तुस’ म्हणजे पुरला गेला, ‘फिलिउस’ म्हणजे मुलगा, ‘उक्सोर’ म्हणजे पत्नी, ‘विदुआ’ म्हणजे विधवा आणि ‘इन्फान्स’ म्हणजे तान्हे मूल. गोव्यातील जुन्या वह्या पोर्तुगीज भाषेतही आढळतात.

शोध कोठे घ्यावा?

पहिले ठिकाण आपले घर. जुनी प्रार्थनापुस्तके, त्यांत ठेवलेली मृत्युस्मरणाची चित्रे, पत्रांची बोचकी आणि घरातील सर्वांत वयस्कर व्यक्ती.

दुसरे ठिकाण मूळ गावचा धर्मग्राम. आपल्यापैकी अनेकांची मुळे गोवा, सावंतवाडी, बेळगाव, वसई किंवा अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) भागात आहेत. तेथील धर्मगुरूंना आधी पत्र लिहावे, अंदाजे साल व नाव कळवावे. वही स्वतः चाळायला मिळेलच असे नाही. तीत इतरांच्याही खाजगी गोष्टी असतात.

तिसरे ठिकाण छापील निधनवार्ता. ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झाले, तर कॅथलिकांचे ‘निरोप्या’ १९०३ मध्ये. अशा नियतकालिकांचे जुने अंक कोठे मिळाले, तर जरूर पाहावेत. आपल्या कोल्हापुरात १८५० मध्ये स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर आहे. तेथेही चौकशी करावी.

चौथे ठिकाण सरकारी दप्तर. जन्म-मृत्यू नोंदणीचा सध्याचा कायदा १९६९ चा आहे. मृत्यूची नोंद जेथे मृत्यू झाला तेथे होते, राहत्या गावी नव्हे. राजर्षी शाहू महाराज कोल्हापूरचे, पण १९२२ मध्ये त्यांचे निधन मुंबईत झाले. त्यांच्या आधीचे छत्रपती राजाराम महाराज तर १८७० मध्ये इटलीत फ्लॉरेन्स येथे वारले आणि त्यांचे स्मारकही तेथेच आहे. तेव्हा नाव येथे सापडले नाही, तर माणूस शेवटी कोठे होता हे विचारावे. रेल्वेत किंवा पलटणीत होता? मुलीकडे राहायला गेला होता?

ज्यांचे घराणे अलीकडच्या पिढ्यांत ख्रिस्ती झाले, त्यांनी चर्चच्या वहीपाशी थांबू नये. आपल्या भागात हेळवी लोक घराण्यांच्या वंशावळी सांगत गावोगाव फिरत आले आहेत. स्नानसंस्काराआधीचे पूर्वजही आपलेच पूर्वज होत.

साक्ष पारखून घ्यावी

प्रत्येक नोंद ही एक साक्ष आहे. साक्षीदाराने काय पाहिले आणि काय ऐकले, हे वेगळे करावे. दफनाची तारीख धर्मगुरूने स्वतः पाहिलेली असते, म्हणून ती बहुधा पक्की. वय मात्र नातेवाइकांनी अंदाजाने सांगितलेले. आडनाव लिहिणाऱ्याच्या कानाला जसे ऐकू आले तसे उतरलेले. निधनवार्ता जिवंत माणसे लिहितात. ‘त्यांच्या मागे’ या शब्दांनंतर जी नावे येतात ती फार उपयोगी, पण रुसवा असलेल्या भावाचे नाव तेथे गाळलेलेही असते. अनुवाद १९:१५ मध्ये दोन किंवा तीन साक्षीदार सांगितले आहेत. तोच नियम येथे पाळावा : एका नोंदीवर वंशवृक्ष उभा करू नये.

कशासाठी?

पौल तीमथ्याला अंतहीन वंशावळींच्या नादी लागू नये असे बजावतो. घराणे थोर ठरवण्यासाठी, जात उकरून काढण्यासाठी किंवा सोयरीक नाकारण्यासाठी शोध घ्यायचा असेल, तर तो न घेतलेला बरा. मत्तयाने येशूची वंशावळ लिहिली, तेव्हा तामार, राहाब, रूथ आणि उरियाची पत्नी यांना लपवले नाही. आपल्याही शोधात कर्ज, व्यसन, टाकलेली बायको, अकाली मृत्यू असे काही पुढे येईल. त्याचा न्याय करणे आपल्याकडे नाही. त्यांच्यासाठी प्रार्थना करणे आपल्याकडे आहे.

जुनी वही उघडली, की ‘इन्फान्स’ हा शब्द पुन्हा पुन्हा भेटतो. १९१८ च्या इन्फ्लुएंझासारख्या साथीत तर एकाच घरची माणसे पाठोपाठ गेली. आपल्या पणजीने पुरलेल्या त्या बाळाचे नाव आज कोणाच्याही ओठांवर नाही. ते सापडले आणि पुढच्या मृतांच्या मिस्सात एकदा उच्चारले गेले, तर एवढा खटाटोप सार्थकी लागला असे आम्ही समजू.

या आठवड्यात घरी करावयाचे :

१. घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या आजी-आजोबांची नावे, गाव व दफनाची जागा विचारून लिहून काढा. हे काम लांबणीवर टाकू नका.

२. माहेरच्या बाजूची नावेही तितक्याच आस्थेने लिहा.

३. प्रत्येक नावापुढे ते कोणी सांगितले किंवा कोठे सापडले, ते टिपून ठेवा.

प्रभो, तू त्यांना सार्वकालिक विश्रांती दे. आमेन.